रुडॉल्फ डीझेल आणि त्याचे तीन ग्रंथ

कांहीं माणसांचीं नांवें जगांत इतकीं रूढ होतात कीं, त्यांतून माणूसच नाहींसा होतो. ‘डीझेल’ हें नांव अशांपैकीं एक होय. तें आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडीं आहे, मोटार हांकणाऱ्याच्या तोंडीं आहे, भाववाढीच्या बातमींत तर तें वरचेवर छापलें जातें. परंतु तें एका माणसाचें आडनांव होतें, त्या माणसाला बायकामुलें, कर्ज आणि डोकेदुखी हीं सर्व होतीं, आणि त्यानें आयुष्यांत तीन ग्रंथ लिहिले, ही गोष्ट सुशिक्षितांपैकींहि थोड्यांनाच ठाऊक असते. यंत्रशास्त्राचे इतिहासकार त्याच्या यंत्राचें वर्णन करतात, चरित्रकार त्याच्या गूढ मृत्यूचें करतात. त्याच्या ग्रंथांकडे ग्रंथ म्हणून पाहण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाहीं.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत तेलावर चालणाऱ्या यंत्राची चर्चा कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर असें कीं, टीकाशास्त्रांतला एक जुना प्रश्न या माणसाच्या ग्रंथांत जितक्या स्पष्टपणें मांडलेला सांपडतो तितका काव्यनाटकांत क्वचितच सांपडेल. निर्मितीचें श्रेय मूळ कल्पनेला द्यावें कीं पूर्ण झालेल्या कृतीला, हा तो प्रश्न. कवीच्या मनांत प्रथम काय होतें हें आपणांस कधींच नक्की कळत नाहीं. आपल्या हातीं येते ती कविता. डीझेलच्या बाबतींत मूळ कल्पना १८९३ च्या जानेवारींत पुस्तकरूपानें छापून निघाली, आणि कृति १८९७ च्या फेब्रुवारींत परीक्षकांसमोर मोजून पाहिली गेली. मधलीं चार वर्षें तारीखवार उपलब्ध आहेत. कल्पनेची कृति होतांना तिचें काय होतें, काय गळतें आणि काय उरतें, हें इतकें उघडें दिसण्याचा योग दुर्मिळच.

डीझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजीं पॅरिस येथें झाला. आईबाप जर्मन, बाप ऑग्सबुर्गकडचा बुकबाइंडर, पुढें चामड्याच्या वस्तु करणारा कारागीर. १८७० सालीं फ्रान्स आणि प्रशिया यांचें युद्ध जुंपलें आणि या कुटुंबास पॅरिस सोडून लंडनला जावें लागलें. तेथें पोटाची भ्रांत. म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबुर्ग येथें बार्निकेल या नातलगांच्या घरीं धाडण्यांत आलें. बार्निकेल तेथील औद्योगिक शाळेंत गणित शिकवीत. मुलगा शाळेंत पहिला आला, शिष्यवृत्ति मिळवून १८७५ सालीं म्यूनिकच्या तांत्रिक विद्यालयांत गेला, आणि तेथें कार्ल फॉन लिंडे या गुरूची व्याख्यानें त्यानें ऐकलीं. लिंडे म्हणजे बर्फ करण्याच्या यंत्रांचा प्रसिद्ध संशोधक. कोळशांतल्या उष्णतेपैकीं जेमतेम दशांश भाग वाफेचें यंत्र कामास लावतें आणि उरलेली सर्व वायां घालवितें, हें लिंडे यांच्या व्याख्यानांत ऐकून या विद्यार्थ्यानें आपल्या वहीच्या समासांत एक टिपण केलें : सादी कार्नो यानें १८२४ सालीं वर्णिलेलें आदर्श चक्र प्रत्यक्षांत आणतां येईल काय, याचा अभ्यास करावा. पुढें सुमारें तेरा वर्षें त्यानें पॅरिसमध्यें आणि १८९० पासून बर्लिनमध्यें लिंडे यांच्या बर्फयंत्रांचें काम पाहिलें. परंतु त्याचें चित्त त्या समासांतल्या टिपणावर खिळलेलें होतें.

त्या टिपणाचा वाढलेला वृक्ष म्हणजे त्याचा पहिला ग्रंथ. बर्लिनच्या श्प्रिंगर या प्रकाशकानें तो १८९३ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या लांबलचक नांवाचा भावार्थ असा : वाफेचें यंत्र आणि आज ज्ञात असलेलीं ज्वलनयंत्रें यांची जागा घेणाऱ्या एका तर्कशुद्ध उष्णतायंत्राची उपपत्ति व रचना. या नांवांतच लेखकाचा स्वभाव उतरला आहे. पस्तिशीच्या आंतला, स्वतःचें एकहि ज्वलनयंत्र न चालविलेला हा मनुष्य जगांतील सर्व यंत्रांना एकाच वाक्यांत निवृत्त करूं पाहतो. ग्रंथाची मांडणीहि तशीच. सिद्धान्तापासून आरंभ करून पायरीपायरीनें तो आराखड्यापर्यंत उतरतो. जणू यंत्र घडवावयाचें नसून एखाद्या प्रमेयासारखें सिद्ध करावयाचें आहे.

ग्रंथांतला मुख्य विचार थोडक्यांत सांगतां येतो. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाची नळी तापते, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. हवा दाबली कीं तापते; पुष्कळ दाबली तर इतकी तापते कीं, तिच्यांत सोडलेलें इंधन ठिणगीवांचूनच पेट घेतें. निकोलाउस ओटो याच्या १८७६ च्या वायुयंत्रांत हवा व इंधन यांचें मिश्रण एकत्र दाबलें जाई. म्हणून तें फार दाबतां येत नसे, नाहीं तर वेळेआधींच भडका उडे. डीझेलनें सांगितलें कीं, नळकांड्यांत निव्वळ हवा दाबावी, मनसोक्त दाबावी, आणि दट्ट्या शेवटास पोहोंचल्यावर मग इंधन हळूहळू आंत सोडावें. येथवर सर्व ठीक होतें, आणि हाच भाग पुढें टिकला. परंतु कार्नोच्या आदर्शाशीं एकनिष्ठ राहण्यासाठीं त्यानें आणखी एक अट घातली : इंधन जळतांना उष्णतामान मुळींच वाढतां कामा नये. ज्वलनानें जितकी उष्णता निघेल तितकी तत्क्षणीं दट्ट्या ढकलण्यांत खर्ची पडावी. यासाठीं त्यानें भोंवतालच्या हवेच्या अडीचशें पट दाब आणि आठशें अंश उष्णतामान गृहीत धरलें, आणि सैद्धान्तिक हिशेबानें इंधनांतील शेंकडा ७३ उष्णता कामीं येईल असें मांडलें. वाफेच्या यंत्राच्या दहाशीं हा आंकडा ताडून पाहिला म्हणजे त्या काळच्या कारखानदारांचे डोळे कां दिपले तें कळतें.

या ग्रंथाचा दुसराहि एक गुण सांगितला पाहिजे. वाफेचें यंत्र मोठें असेल तरच परवडतें. म्हणून तें कामगारांना खेड्यांतून उठवून शहरांतल्या गिरण्यांभोंवतीं कोंडतें. माझें यंत्र लहान प्रमाणावरहि तितकेंच काटकसरी होईल, आणि मग सुतार, विणकर, लोहार यांना आपआपल्या जागीं राहून भांडवलवाल्यांशीं स्पर्धा करतां येईल, अशी त्याची आशा होती. कारागिराचा मुलगा येथें बोलतो. आमच्या मतें सगळ्या ग्रंथांत जिवंत असा भाग हाच होय, कारण येथें लेखक सिद्धान्ताच्या अधीन नसून माणसांच्या अधीन आहे.

आतां दोषाकडे वळूं. हवा अडीचशें पट दाबण्यासाठीं यंत्राला आधीं प्रचंड श्रम खर्चावे लागतात; मग ज्वलन होऊन दट्ट्या मागें ढकलला जातो तेव्हां ते श्रम परत मिळतात आणि वर थोडा नफा उरतो. उष्णतामान वाढूं द्यावयाचें नाहीं म्हटलें कीं इंधन अगदीं जपून सोडावें लागतें, आणि नफा नखाएवढा होतो. शंभर रुपये मिळविण्यासाठीं पंचाण्णव रुपये खर्चणाऱ्या व्यापाऱ्यासारखी ही स्थिति झाली. उरलेले पांच रुपये यंत्राच्या घर्षणांतच जावयाचे. तर्कशुद्ध यंत्र तर्कानें निर्दोष होतें. फक्त तें चाललें नसतें.

ही गोष्ट प्रथम कोणाच्या लक्षांत आली? खुद्द डीझेलच्या, आणि तीहि ग्रंथ निघाल्यावर थोड्याच महिन्यांत. १८९३ च्या उन्हाळ्यांत त्यानें आपलीं गणितें पुन्हां केलीं आणि समान उष्णतामानाची अट सोडून दिली. इंधन जास्त सोडावें, उष्णतामान वाढेल तितकें वाढूं द्यावें, फक्त जळतांना दाब फारसा बदलूं देऊं नये, असें नवें धोरण त्यानें आंखलें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत दुसऱ्या पेटंटाचा अर्ज केला. परंतु ग्रंथांतील अमुक भाग चुकला असें त्यानें जाहीर केलें नाहीं. एकीकडे ऑग्सबुर्गचा यंत्रकारखाना आणि क्रुप यांच्याशीं करार झालेले, आणि दुसरीकडे ज्या ग्रंथाच्या बळावर ते करार झाले त्याचा पायाच ढांसळलेला; अशा पेंचांत तो सांपडला. या मौनाची किंमत त्याला वीस वर्षांनीं द्यावी लागली.

ऑग्सबुर्गमधील चार वर्षें हा डीझेलच्या चरित्रांतला सर्वांत उज्ज्वल भाग. कारखान्याचा चालक हाइनरिख बुट्स यानें पैसा आणि धीर दोन्ही पुरविले. १० ऑगस्ट १८९३ रोजीं पहिल्या यंत्रांत इंधन सोडतांच असा स्फोट झाला कीं, दाब मोजण्याचें उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. यंत्र चाललें नव्हतें. परंतु निव्वळ दाबलेल्या हवेंत इंधन ठिणगीवांचून पेटतें, एवढें सिद्ध झालें. १७ फेब्रुवारी १८९४ रोजीं यंत्रानें प्रथमच स्वतःच्या बळावर सुमारें एक मिनिटभर फेरे घेतले, फेरे अठ्ठ्याऐंशीं. ग्रंथांत मुख्य इंधन म्हणून कोळशाची पूड सुचविली होती. ती बाजूला पडली आणि तेल आलें. अडीचशें पट दाब उतरत उतरत तिशीच्या आसपास आला. तेल आंत शिरेना, तेव्हां तें दाबलेल्या हवेच्या झोतानें फवारावें लागलें आणि त्यासाठीं हवा दाबणारा जड पंप जोडावा लागला. नळकांड्याभोंवतीं थंड पाणी खेळवावें लागलें. लुसियान फोगेल आणि इमानुएल लाउस्टर यांच्यासारख्या इंजिनियरांच्या हातांनीं एकेक अवयव पुन्हां पुन्हां बदलला. अखेर १७ फेब्रुवारी १८९७ रोजीं म्यूनिकचे प्रोफेसर मोरित्स श्रेटर यांनीं यंत्राची अधिकृत परीक्षा घेतली. इंधनांतील शेंकडा २६.२ उष्णता कामीं लागत होती. ग्रंथांतल्या ७३ पुढें हा आंकडा किती लहान! आणि त्या काळच्या कोणत्याहि उष्णतायंत्रापुढें किती मोठा!

हीं चार वर्षें म्हणजे एका ग्रंथावर लोखंडानें केलेली टीका होय. वाक्यावाक्याला लोखंडानें ‘नाहीं’ म्हटलें, आणि लेखकानें तें वाक्य पुसून दुसरें लिहिलें. स्वतःच्या सिद्धान्तावर इतकी निष्ठा असलेल्या मनुष्यानें हट्ट न धरतां असा बदल करीत जाणें ही सामान्य गोष्ट नव्हे. विद्वत्तेला बहुधा हें साधत नाहीं; आम्हां प्राध्यापकांना तर नाहींच नाहीं, कारण आमच्या सिद्धान्तांना लोखंडाशीं गांठ घालावी लागत नाहीं.

परीक्षेनंतर यश धांवत आलें. जून १८९७ मध्यें कासेल येथें जर्मन इंजिनियरांच्या सभेपुढें डीझेलचें व्याख्यान झालें. अमेरिकेंतील हक्कांसाठीं दारूच्या भट्ट्यांचा धनी अडोल्फस बुश यानें दहा लक्ष मार्क मोजले. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत यंत्रास सर्वोच्च पारितोषिक मिळालें. तेथें एक लहान डीझेल यंत्र चक्क भुईमुगाच्या तेलावर चालविण्यांत आलें होतें. परंतु परीक्षागृहांत चालणारें यंत्र आणि गिऱ्हाइकाच्या कारखान्यांत चालणारें यंत्र यांत फरक असतो. केम्प्टेन येथील आगपेट्यांच्या कारखान्यांत बसविलेल्या पहिल्या यंत्रापासूनच तक्रारी सुरू झाल्या. पेटंटांवरहि हल्ले झाले. एमिल कॅपिटेन यानें दावा लावला; कोलोनच्या ओटो क्योलर यानें ही कल्पना आपण १८८७ सालींच मांडली होती असें म्हटलें; इंग्लंडांत हर्बर्ट अ‍ॅक्रॉयड स्ट्युअर्ट याचें १८९० चें पेटंट पुढें करण्यांत आलें. या कटकटींनीं १८९८ सालीं डीझेलची प्रकृति ढांसळली आणि त्याला विश्रांतिगृहांत राहावें लागलें. पैसा होता तोहि जपला गेला नाहीं. म्यूनिकमध्यें राजवाड्यासारखें घर बांधलें गेलें, आणि गॅलिशियांतील तेलाच्या खाणी व जमिनींचे व्यवहार यांत पुष्कळ रक्कम बुडाली.

अशा काळांत, १९०३ सालीं, त्यानें दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. नांव ‘सॉलिडारिस्मुस’, आपण त्याला ‘ऐक्यवाद’ म्हणूं. मनुष्याच्या नैसर्गिक आर्थिक मुक्तीचा मार्ग त्यांत सांगितला आहे. कामगारांनीं प्रत्येकीं अगदीं अल्प वर्गणी द्यावी. सर्वांच्या वर्गणींतून एक महानिधि उभा राहावा. त्या निधीच्या हमीवर भांडवल मिळवून कामगारांच्या स्वतःच्या मालकीचे कारखाने निघावेत, आणि त्यांत मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें सर्वांनीं सर्वांसाठीं राबावें. दहा हजार प्रती छापल्या आणि सुमारें तीनशें खपल्या, असें सांगतात. घरच्यांच्या आठवणींवरून दिसतें कीं, यंत्रापेक्षां या ग्रंथाचाच त्याला अधिक अभिमान होता.

हा अभिमान हास्यास्पद मानूं नये. पहिल्या ग्रंथांत ज्या लहान कारागिरासाठीं यंत्र योजलें होतें, तो कारागीर यंत्राला विसरला तरी डीझेल त्याला विसरला नव्हता. परंतु ग्रंथ म्हणून ‘सॉलिडारिस्मुस’ निर्जीव आहे, आणि त्याचें कारण पहिल्या ग्रंथाशीं ताडून पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें. दोन्ही ग्रंथांची घडण एकच : एक निर्मळ तत्त्व घ्यावें आणि त्यापासून सर्व व्यवस्था काढावी. पण पहिल्या ग्रंथाला ऑग्सबुर्ग भेटलें. दुसऱ्याला भेटलें नाहीं. या तत्त्वावर एकहि पोळें उभें राहिलें नाहीं, त्यामुळें त्यांतल्या एकाहि वाक्याला कोणी ‘नाहीं’ म्हटलें नाहीं. वर्गणी थकविणाऱ्या सभासदाचें काय, तोट्यांत गेलेल्या पोळ्याचें काय, कारभाऱ्यांच्या लोभाचें काय, हे प्रश्न मनुष्यस्वभावाच्या घर्षणाचे आहेत, आणि आदर्श चक्रांत घर्षण शून्य धरलेलें असतें. याच्या उलट, जर्मनींतच रायफायझेन यानें खेड्यापाड्यांतून चालवून, पडून, सुधारून दाखविलेल्या पतसंस्था पाहाव्या. ‘सॉलिडारिस्मुस’ निघाला त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९०४ सालीं, हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा झाला तो रायफायझेनचा नमुना समोर ठेवून. चाचपडत वाढलेली कल्पना सातासमुद्रांपलीकडे रुजली. निर्दोष कल्पना म्यूनिकच्या कोठारांतच राहिली.

तिसरा ग्रंथ म्हणजे ‘डीझेल यंत्राची उत्पत्ति’. नोव्हेंबर १९१२ मध्यें बर्लिन येथें जहाजबांधणीच्या तज्ज्ञांच्या सभेपुढें त्यानें याच विषयावर व्याख्यान दिलें, आणि तें विस्तारून १९१३ सालीं पुस्तक झालें. हा ग्रंथ पहिल्या दोहोंहून निराळा आणि लेखनदृष्ट्या सर्वांत सरस आहे. प्रयोगांच्या नोंदी, आराखडे, अपयशांचे दिवस हें सर्व तो क्रमानें मांडतो. शोध म्हणजे निव्वळ मनांतली वस्तु नव्हे, कल्पना आणि जडसृष्टि यांच्या झुंजींतून जें निष्पन्न होतें तोच शोध, असा विचारहि तो येथें व्यक्त करतो. हा विचार त्यानें वीस वर्षांच्या अनुभवाची किंमत देऊन मिळविला होता. परंतु तोच विचार स्वतःच्या पहिल्या ग्रंथाला लावण्याची वेळ येते तेव्हां मात्र त्याची लेखणी अडखळते. ज्या एका बदलामुळें यंत्र जगलें, त्या बदलावर तो भर देत नाहीं. ग्रंथापासून यंत्रापर्यंत जणू एकच सरळ रस्ता होता, असा वाचकाचा समज व्हावा अशी मांडणी तो करतो.

विरोधकांनीं नेमकें हेंच पकडलें. सभेंतल्या चर्चेंतच प्रोफेसर मंडळींनीं त्याला बोचरे प्रश्न विचारले. त्याच वर्षीं आखेनचे प्रोफेसर ल्यूडर्स यांचें ‘डीझेलची दंतकथा’ अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक निघालें. त्याचें सार असें कीं, पेटंटांतलें यंत्र वेगळें आणि चालणारें यंत्र वेगळें. चालणाऱ्या यंत्राचें श्रेय ऑग्सबुर्गच्या कारखान्याचें, डीझेलचें नव्हे.

या वादांत न्याय कोणत्या बाजूस आहे? आमच्या मतें दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या गृहीतावर उभे आहेत. डीझेल म्हणतो, यंत्र ग्रंथासारखेंच आहे, म्हणून तें माझें. ल्यूडर्स म्हणतात, यंत्र ग्रंथासारखें नाहीं, म्हणून तें त्याचें नव्हे. ग्रंथ आणि यंत्र एकरूप असतील तरच श्रेय, हें दोघांनाहि मान्य आहे. परंतु खरी घटना या दोहोंच्या मधली आहे. शेंकडा ७३ चें तें अशक्य वचन नसतें, तर क्रुप आणि बुट्स यांनीं चार वर्षें पैसा ओतला नसता. अडीचशें पट दाबाचें तें अवास्तव ध्येय नसतें, तर तिशीपर्यंत जाण्याचें धाडसहि कोणी केलें नसतें, कारण त्या काळच्या कारागिरांना दहाबाराच्या पुढचा दाब म्हणजे धोका वाटे. क्योलरला ही कल्पना आधीं सुचली होती, पण ती अव्यवहार्य ठरवून त्यानें सोडून दिली. त्याचें गणित डीझेलपेक्षां बरोबर होतें, आणि म्हणूनच त्याच्या हातून यंत्र झालें नाहीं. पेरलें एक आणि उगवलें दुसरें, हें खरें. पण ज्यानें पेरलें आणि उगवलेलें रोप परकें म्हणून उपटून टाकलें नाहीं, तोच त्या पिकाचा धनी. लाउस्टर, फोगेल, बुट्स यांचा वांटा मोठा आहे आणि तो डीझेलनें अधिक मोकळेपणानें द्यावयास हवा होता. तथापि त्या सर्वांना एका जागीं आणून चार वर्षें एका अशक्य दिशेनें चालावयास लावणारा मनुष्य एकच होता.

डीझेलचें दुर्दैव हें कीं, आपलें खरें मोठेपण कशांत आहे हें त्यानें ओळखलें नाहीं. ‘माझा सिद्धान्त चुकला, यंत्रानें मला दुरुस्त केलें, आणि मीं दुरुस्त होऊं दिलें’ असें त्यानें सरळ लिहिलें असतें, तर ल्यूडर्सच्या हातांत शस्त्रच उरलें नसतें. पण विसाव्या शतकाच्या आरंभींच्या जर्मन विद्यापीठांत सिद्धान्ताची प्रतिष्ठा इतकी होती कीं, प्रयोगशील कारागीर म्हणवून घेण्यापेक्षां सिद्धान्तकार म्हणून हरणें त्याला बरें वाटलें असावें. बुकबाइंडरच्या मुलाला ही प्रतिष्ठा किती हवीशी असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

२९ सप्टेंबर १९१३ रोजीं संध्याकाळीं तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ नांवाच्या बोटींत चढला. सोबत्यांबरोबर त्यानें जेवण केलें, सकाळीं लवकर उठविण्यास सांगितलें, आणि तो खोलींत गेला. सकाळीं बिछाना न वापरलेला आढळला. टोपी आणि अंगरखा डेकवर सांपडला. १० ऑक्टोबरला एका डच बोटीला समुद्रांत शव दिसलें. अंगावरच्या वस्तु काढून घेऊन तें पुन्हां सागरार्पण करण्यांत आलें, आणि त्या वस्तु त्याच्या मुलानें ओळखल्या. हेरांनीं मारलें, तेलवाल्यांनीं मारलें, अशा कथा पुष्कळ उठल्या. परंतु मागें राहिलेले हिशेब पाहिले तर कुटुंब दिवाळ्याच्या उंबरठ्यावर होतें, आणि रोजनिशींत त्या तारखेपुढें एक फुली होती. मुलगा ऑयगेन यानें १९३७ सालीं लिहिलेल्या चरित्रांत बापाची ही सारी घालमेल उतरली आहे. गूढकथेची हौस असणाऱ्यांनीं ती खुशाल पुरवावी. आम्हांला मात्र त्या वर्षीं निघालेलें पुस्तक आणि त्या वर्षीं झालेला मृत्यु यांचें साहचर्य पुरेसें बोलकें वाटतें.

यंत्र मात्र धन्यामागें थांबलें नाहीं. धनी जिवंत असतांनाच, १९०३ सालीं, नोबेल बंधूंची ‘वांदाल’ ही तेलवाहू नौका रशियांत डीझेल यंत्रावर धांवूं लागली होती, आणि १९१२ सालीं ‘सेलांडिया’ हें डॅनिश जहाज डीझेलच्या बळावर महासागर ओलांडून बँकॉकपर्यंत गेलें होतें. पण हीं यंत्रें अजस्र होतीं. हवेच्या पंपाचें ओझें त्यांच्या पाठीवर होतें. प्रॉस्पर लोरांज यानें १९०९ सालीं ज्वलनाची नवी रचना योजली, रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यानें १९२७ पासून तेल फवारणारा नाजूक पंप मोठ्या प्रमाणावर तयार केला, आणि मग हवेचा पंप गळून पडून यंत्र लहान झालें. ग्रंथांतलें आणखी एक पान लोखंडानें पुन्हां लिहिलें, या वेळीं लेखकाच्या पश्चात्.

आणि येथें आमच्या भूमीचा संबंध येतो. पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. त्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील अनेक विहिरींवरची मोट थांबली आणि तेथें ‘इंजिन’ आलें. खेड्यांत पिठाची गिरणी त्याच इंजिनाच्या पट्ट्यावर फिरूं लागली. पुढें यांतल्या पुष्कळ ठिकाणीं विजेची मोटार आली. तरी आपल्या गांवांत राहून, आपल्या मालकीच्या लहानशा यंत्रावर आपला धंदा चालविणारा मनुष्य, ही १८९३ च्या ग्रंथांतली आशा जर कोठें खरी झाली असेल तर ती अशा गिरण्यांत आणि विहिरींवर. ज्या पानांत सिद्धान्त नव्हता तेंच पान अखेर सिद्धीस गेलें.

या चित्राची काळी बाजूहि सांगितली पाहिजे. आज मोठ्या जहाजांवरील संथगति डीझेल यंत्रें इंधनाच्या उष्णतेपैकीं निम्मी कामास लावतात. परंतु ज्या प्रखर उष्णतेमुळें ही काटकसर साधते तिच्यांतूनच नायट्रोजनचे विषारी वायु निर्माण होतात, आणि धुरांतली काजळी फुप्फुसांत शिरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं या धुराची गणना निश्चित कर्ककारकांत केली. २०१५ सालीं एका बड्या जर्मन मोटार-कारखान्यानें तपासणीपुरता धूर कमी दाखविणारी युक्ति आपल्या गाड्यांत बसविल्याचें उघडकीस आलें. कागदावरचा आंकडा आणि रस्त्यावरचें यंत्र यांतली तीच जुनी तफावत. फरक एवढाच कीं, डीझेलनें ती आपल्या यंत्रांत भरून काढण्यासाठीं चार वर्षें झिजविलीं, आणि यांनीं ती झांकण्यासाठीं बुद्धि खर्चिली.

डीझेलचा पहिला ग्रंथ प्रयोगानें खोटा पाडला, दुसरा कोणीं वाचला नाहीं, तिसऱ्यावर विरोधकांनीं विश्वास ठेवला नाहीं. तरीहि हे तीन एकापुढें एक ठेवून वाचले, तर निर्मितीविषयीं जितकें शिकावयास मिळतें तितकें पुष्कळ यशस्वी ग्रंथांतून मिळत नाहीं. चुकीच्या सिद्धान्तापासून चांगलें यंत्र होऊं शकतें, मात्र सिद्धान्तकारानें कारखान्याच्या दारांतून आंत गेलें पाहिजे आणि तेथें चार वर्षें राहिलें पाहिजे. आपल्याकडे योजना, आराखडे आणि जाहीरनामे यांचा तोटा कधींच नव्हता. त्यांना ऑग्सबुर्ग किती जणांनीं दाखविलें, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या क्षेत्रापुरता विचारून पाहावा.